आज पडकई कोणाची

जुन्या शिक्षक-खोलीचं कुलूप काढायला मला पाठवलं, कारण मला पाठवलं तर शिक्षकांतल्या कोणत्याच बाजूचं काही बिघडत नाही. दहावीच्या परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेत, बाक कमी पडत होते, आणि मोडके-धडके सगळे बाक त्या खोलीत कोंबलेले. किल्ली फिरेना. शिपायाने कुलपात खोबरेल तेल सोडलं, दाराला खांदा लावला. दार उघडल्याबरोबर जो वास आला, त्याने मी उंबऱ्यावरच थांबले. खडूचा वास, ओल धरलेल्या भिंतींचा वास, घुशींनी उकरलेल्या मातीचा वास, आणि या सगळ्यांच्या खाली कुठेतरी, इतक्या वर्षांनी, कालवणाचा. शिपायाला विचारलं, कसला वास येतोय रे? तो म्हणाला, उंदीर मेला असंल बाई.

उंदीर तर उंदीर. मला मात्र कालवणाचाच वास आला.

मी याच शाळेत शिकले आणि याच शाळेत शिकवते. लोकांना हे ऐकून गहिवरून येतं. सत्काराच्या भाषणात कुणीतरी हमखास म्हणतं, आपल्याच मातीत परत आलेली लेक. मी तेव्हा गळ्यातला हार थोडा सैल करते आणि टाळ्या संपायची वाट बघते. परत येणं आणि अडकून राहणं यात फरक असतो, पण तो भाषणात सांगण्यासारखा नसतो.

त्या खोलीत तेव्हा बाक नव्हते, टेबलंही नव्हती. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचं एक जाजम होतं, त्याची एक कड कुणाच्या तरी विडीने जळलेली. दुपारची सुट्टी झाली की शिक्षक त्यावर गोल करून बसायचे आणि आपापल्या डब्यातलं कालवण एका मोठ्या पातेल्यात ओतायचे. कुणाचं हुलग्याचं माडगं, कुणाची आमटी, कुणाची मेथीची पातळ भाजी. जे व्हायचं त्याला नाव नव्हतं. चव रोज वेगळी, वास मात्र रोज तोच. सुकट आणणाऱ्याला पातेल्यात बंदी होती, त्याने खिडकीपाशी बसायचं, आणि तिथे बसायला एवढी माणसं उठायची की शेवटी गोल खिडकीपाशीच सरकायचा. त्या खिडकीबाहेर पाण्याचा हौद होता. आम्ही पोरं हौदावर ओंजळीने पाणी प्यायचो, गरजेपेक्षा बरंच जास्त प्यायचो, कारण आतलं सगळं ऐकू यायचं.

जेवण अर्ध्यावर आलं की आमचे मुख्याध्यापक विचारायचे, "मग, आज पडकई कोणाची?"

मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणायचे. ते वरच्या डोंगरातलेच, आमच्यातलेच. हा शब्द शाळेत त्यांनीच आणला. आमच्याकडे भाताची खाचरं डोंगराच्या उतारावर असतात. पावसात बांध फुटतात, दगडगोटे वाहून येतात, आणि ते निस्तरणं एकट्याच्या आवाक्यातलं नसतं. म्हणून उन्हाळ्यात सगळं गाव मिळून आज एकाच्या खाचरात राबतं, उद्या दुसऱ्याच्या. तीच पडकई. ज्याचं खाचर, त्याच्याकडे त्या दिवशीचं जेवण. पैसे कुणी देत नाही, कुणी घेत नाही. नियम एकच, आज ज्याच्या खाचरात माणसं राबली, त्याने उद्या पुढच्याच्या खाचरात गेलंच पाहिजे. गाव करील ते राव काय करील, असं म्हणतात ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शाळेतली पडकई पोराची असायची. एका पोराचं नाव निघायचं, आणि भाकरी मोडता मोडता जो तो त्या पोराविषयी आपल्याला काय दिसलं ते सांगायचा. एकदा आमच्या वर्गातल्या धोंडूचं नाव निघालं. धोंडू म्हणजे वर्गातला पक्का ढ, यावर आमचं सगळ्यांचं एकमत. पीटीचे सर म्हणाले, चेंडू नाकावर आदळेपर्यंत त्याला कळत नाही. गणिताचे आतार सर म्हणाले, पुस्तकातली गणितं बरोबर सोडवतो, फळ्यावरची चुकवतो. विज्ञानाच्या शेळके बाई म्हणाल्या, पानाच्या शिरा इतक्या बारीक काढतो की बघत राहावं. पुढच्या बाजारच्या दिवशी पीटीचे सर धोंडूला घोडेगावला घेऊन गेले आणि त्याला चष्मा लागला. धोंडू एकाएकी हुशार कसा झाला, यावर गावात बरेच दिवस चर्चा चालली. देवाला कौल लावल्याचं श्रेय त्याच्या आजोबांनी घेतलं, आणि शिक्षकांपैकी कुणीही त्यांना अडवलं नाही.

तर ही पडकई. ऐकायला गोड. जिची लागते तिला विचारा.

माझी लागली ती नववीत. मी हौदावरच होते. आतार सर म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण दुसऱ्या तासानंतर तिचं डोकं चालत नाही. आतार सर जुन्नरहून पहिल्या एसटीने यायचे. घरचा धंदा अत्तराचा, त्यामुळे त्यांनी तपासलेल्या वह्यांनाही हिन्याचा मंद वास असायचा. शेळके बाई म्हणाल्या, दुपारी डोळे उघडे ठेवून झोपते. मोठे सर म्हणाले, तिचं गाव आहुप्याच्या अलीकडं, पाणी भरून, खाली उतरून एसटी धरते, झोपंल नाय तर काय करंल. तेवढ्यात पीटीचे सर म्हणाले, मैदानावर ती सारखी डोंगराकडे बघत असते, तिला इथे राहायचंच नाही. हे मात्र मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं.

खरं होतं ते. मला शाळा सोडायची होती. का, ते आता आठवत नाही, आणि त्या वयात काय आठवण्यासारखं कारण असतं? हिरड्याचे दिवस आले की आमचं सगळं घर झाडाखाली असायचं. वर चढलेला भाऊ फांदी हलवायचा, खाली कोवळ्या हिरड्यांचा टपटप आवाज व्हायचा, आणि वेचताना बोटं तुरट होऊन जायची, इतकी की जेवताना भाकरीही तुरट लागायची. अंगणात हिरडे वाळत घातले की काळे पडत जायचे. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजल्याचा धूर सगळ्या खोऱ्यात भरायचा. देवराईत शिरलं की तो धूरसुद्धा मागे राहायचा. आत काटकी मोडायची नाही, पान तोडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. तिथे मी तासन् तास बसायचे. मला याहून जास्त काही नको होतं.

पडकई लागली आणि आठवड्याच्या आत माझी वळकटी शेळके बाईंच्या घरी आली. माझ्या आईला मोठ्या सरांनी काय सांगितलं, कुणास ठाऊक. आई हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. सोमवार ते शनिवार बाईंकडे राहायचं, सकाळी उठायचं, पाणी भरायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, फक्त अभ्यास. शेळके बाईंच्या घरात फिनेलचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास असायचा. संध्याकाळी आतार सर एसटी सुटेपर्यंत ओट्यावर बसून मला शाब्दिक गणितं घालायचे. ते गेले की मोठे सर यायचे, निबंध वाचायचे, लाल शाई न लावता नुसतेच परत द्यायचे, म्हणजे पुन्हा लिहायचा. एका सरांच्या तासाला जांभई दिली तर पुढच्या तासाला बाई विचारायच्या, काल झोपायला उशीर झाला का गं? कुठे म्हणून फट नव्हती. एकाची नजर चुकवावी तर दुसरा दारात उभा.

आणि रोज संध्याकाळी वरच्या गावांना जाणारी मुक्कामी एसटी बाईंच्या खिडकीखालून जायची. आधी हॉर्न, मग गिअर बदलल्याचा तो घरघरणारा आवाज, मग चढावर बराच वेळ ऐकू येत राहणारं इंजिन. टपावर कोंबड्यांच्या पाट्या, आत आमच्याच गावची माणसं. मी पुस्तकावर बोट ठेवून तो आवाज संपेपर्यंत ऐकायचे. एकदा मी बाईंना म्हणाले, मला घरी जायचंय. त्यांनी बटाटा सोलता सोलता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जाशील. पण आमी सोडल्यावर जाशील, पळून नाय." त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की अजूनही तो पूर्ण गेलेला नाही.

त्या दोन वर्षांत मी हिरड्याला गेले नाही. भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात उतरले नाही. माझ्या बोटांचा तुरटपणा गेला तो गेलाच.

दहावीला मी पहिली आले. केंद्रात पहिली. जाजमावर पेढे आले, आतार सरांनी माझ्या हातात अत्तराची कुपी ठेवली, पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली. माझ्या आईने घरून घरच्या तांदळाचा भात करून आणला होता, टोपल्यात फडक्याखाली झाकून, कारण पडकई झाली की जेवण घालायचं असतं एवढं तिला पक्कं माहीत होतं. सगळे जेवले. मोठ्या सरांनी हात धुतले आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, "भातानं फिटत नसती पोरी. तुझ्या खाचरात माणसं राबली. आता तुला पुढच्याच्या खाचरात जावं लागंल." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला ती थट्टा वाटली.

ती थट्टा नव्हती. बी.एड. झाल्यावर माझ्यापुढे पुण्यातली नोकरी होती आणि इथली होती. मी इथे आले.

पण पडकईला माणसं लागतात. मी रुजू झाले तेव्हा मोठे सर नव्हते, शेळके बाई मुलाकडे गेलेल्या, आतार सरांची निवृत्ती होऊन जुन्नरला त्यांचं दुकान आणि ते. नवी इमारत झाली, नवी शिक्षक-खोली झाली. सुरुवातीला गोल होता, मग अर्धा गोल झाला, मग नुसत्या खुर्च्या. काय झालं, कुणी कुणाला काय म्हटलं, ते मी आता सांगत बसत नाही. ते सांगायला बसलं की प्रत्येक जण वेगळंच सांगतो. आज त्या नव्या खोलीच्या मधोमध लोखंडी कपाटं पाठीला पाठ लावून उभी आहेत. इकडे एक चहाची किटली, तिकडे एक. इकडच्यांचा फोनवर एक ग्रुप, तिकडच्यांचा दुसरा. माझी खुर्ची कपाटांच्या टोकाशी, दोन्हीकडे दिसते आणि दोन्हीकडे नाही. मी इकडे बोलले तर तिकडचे गप्प होतात, तिकडे हसले तर इकडचे. इकडे आड तिकडे विहीर. मी डबा मांडीवर घेऊन खाते आणि हात धुवायला लवकर उठते. कितीदा वाटलं, सोडून जावं. संस्थेची दुसरी शाळा नाही, या वयात कुठे अर्ज करणार, आणि वरून ते मोठ्या सरांचं बोलणं. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

कोमल याच वर्षी नजरेत आली. दहावीची मुलगी, आहुप्याची. मी तिला मराठी शिकवते. गणपतीपर्यंत ती पहिल्या बाकावर होती, निबंध असा लिहायची की वाचून मी पान उलटायचं विसरावं. भातकापणीपासून यायची बंद झाली. अधूनमधून उगवायची, पुन्हा गायब. पूर्वपरीक्षेला आली तेव्हा गणिताचा आणि विज्ञानाचा पेपर जवळजवळ कोरा. मी गणिताच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, मला माहीत आहे बाई, घरची अडचण आहे तिच्या, तिने विश्वासाने सांगितलंय. काय अडचण, म्हटलं. त्यांनी कपाटांकडे पाहिलं. म्हणाले, तुम्हाला सांगितलं की ते तिकडे जाणार, राहू द्या. मी विज्ञानाच्या बाईंकडे गेले. त्याही तेच म्हणाल्या, मला सगळं ठाऊक आहे, पण इकडचं तिकडे नको. इंग्रजीच्या सरांनी तर दोन्ही हात जोडले. म्हणजे प्रत्येकाला काहीतरी ठाऊक होतं आणि प्रत्येकाने ते जिवापाड जपलेलं होतं. वाईट माणसं नाहीत ती. त्यातल्या प्रत्येकाला तिचा कळवळाच होता.

मी एकदा माझा डबा उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि जरा मोठ्यानेच विचारलं, आज पडकई कोणाची? नव्या शिक्षकांना शब्दच ठाऊक नव्हता. एकाने मान वर करून विचारलं, कसला जीआर आलाय का बाई? मी डबा परत मांडीवर घेतला.

बाक काढायच्या दिवशी हॉलतिकिटं वाटून झाली. एकच उरलं, कोमलचं. परीक्षा तोंडावर आलेली. ते हॉलतिकीट मी पर्समध्ये टाकलं, दुसऱ्या दिवशीची रजा लिहून दिली आणि सकाळच्या एसटीने वर गेले. वाटेतल्या धरणाचं पाणी खाली उतरलेलं होतं, काठाच्या मातीला भेगा. घाटात राबाचा धूर खिडकीतून आत आला आणि मी तोंड रुमालाने झाकलं नाही.

कोमलच्या घरी मी मनात सगळी तयारी करून गेले होते, आजारपण असेल, लग्न ठरलं असेल, काहीही असेल. तिची आई अंगण सारवत होती. मला पाहून शेणाचे हात तसेच घेऊन उठली, घाबरून गेली. "काय झालं बाई? कोमल तर सकाळच्यालाच गेली की शाळंत. रोज जाती." वडील पलीकडे बांध घालत होते, धडधाकट. चहा घेतला. मी काहीच सांगितलं नाही, या बाजूला काम होतं म्हणून आले, म्हटलं. गणवेश घालून दिवसभर लपून राहायला आमच्या दोन्ही गावांत मिळून जागा एकच आहे, आणि ती मला चांगली ठाऊक होती.

देवराईत पाय ठेवला. तोच गारवा, तीच ओली पानं, मोठ्या हिरड्यांची तीच काळी खोडं. इतकी वर्षं मनात जपलेली माझी जागा. वाटलं होतं, इथे आले की रडू येईल. पण समोर देवाच्या दगडाजवळ कोमल बसली होती, दप्तर मांडीवर, वेणीला शाळेची रिबीन, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मला त्या जागेचं सगळं सुख नकोसं झालं. ती मला बघून पळाली नाही. उठली, कपडे झटकले, उभी राहिली.

कधीपासून, मी विचारलं. तिने सांगितलं. कापणीच्या दिवसांत महिनाभर शाळा बुडली. परत आली तर गणितात काही कळेना. विचारायची लाज वाटली. एक दिवस एसटी सोडून दिली आणि इथे येऊन बसली. मग दुसऱ्या दिवशी कालचं काय सांगायचं, म्हणून पुन्हा इथेच. गणिताच्या सरांना तिने सांगितलं, वडिलांना पुण्याला दवाखान्यात ठेवलंय. विज्ञानाच्या बाईंना सांगितलं, आईची कंबर धरलीय, घरचं सगळं मीच करते. इंग्रजीच्या सरांना सांगितलं, लग्नाचं चाललंय, कुणाला बोलू नका. खाली मान घालून ती हे सांगत होती.

मग तिने मान वर केली. "कुणी सांगितलं तुमाला, मी हितं हाय? सगळ्या सरांनी मिळून शोधलं का?"

"नाही," मी म्हणाले, "मी एकटीच आले."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल.

"बाई, मी तिघांना तीन कारणं सांगितली," ती म्हणाली. "मला लई भ्या वाटत व्हतं. वाटायचं, आज न्हाई उद्या तिघं एकमेकांशी बोलतील आन् मला धरतील. रोज हितं बसून वाट बघायची, की आज धरतील. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कुणी धरलंच नाय."

वर एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं, पानं हलली. ज्या मुठीतून सुटण्यासाठी मी दोन वर्षं खिडकीशी जीव टांगून बसले होते, त्या मुठीची ही पोरगी इथे रोज सकाळपासून वाट बघत होती. आणि मूठच राहिली नव्हती, सुटी सुटी बोटं होती.

मला माझ्या लहानपणी कुणी विचारलं नाही, याचा राग मी जन्मभर बाळगला. मनाशी किती वेळा ठरवलं होतं, माझ्या हाती कधी एखादी मुलगी आली तर मी तिला आधी विचारीन, बाळ, तुला काय हवंय. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं.

मी विचारलं नाही. "दप्तर उचल," म्हणाले, "आजपासून माझ्याकडे राहायचं."

तिने दप्तर आधीच खांद्यावर घेतलं होतं.